कॅथलिक कुटुंबसेवाकार्य आणि प्रापंचिक दांपत्यांचा सहभाग : ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंटचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विवाह आणि कुटुंब या संस्थांचा इतिहास लिहिताना धर्मसंस्थेने केलेले नियम व घातलेले निर्बंध यांवरच बहुधा भर दिला जातो. त्या चौकटीत राहून विवाहित स्त्री-पुरुषांनी स्वतः काय केले, हा प्रश्न मागे पडतो. कॅथलिक चर्चच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ‘तामेत्सी’ या आदेशाद्वारे धर्मगुरू व साक्षीदार यांच्या उपस्थितीत झालेला विवाहच वैध ठरविला. त्यानंतर दीर्घकाळ चर्चचे विवाहविषयक कार्य प्रामुख्याने पूर्वघोषणा, अडथळ्यांची चौकशी आणि नोंदवही यांभोवतीच फिरत राहिले. विवाहानंतरच्या संसाराला साहाय्य करणे हे स्वतंत्र सेवाकार्य म्हणून संघटित स्वरूपात पुढे आले ते विसाव्या शतकात. या बदलात प्रापंचिक दांपत्यांचा वाटा किती होता, याचा शोध अमेरिकेतील ‘ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंट’ या चळवळीच्या आधारे घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) चळवळीच्या उदयाची सामाजिक पार्श्वभूमी व तिची कार्यपद्धती समजून घेणे.
२) १९६३ ते १९६८ या काळातील संततिनियमनविषयक वादात दांपत्यांच्या अनुभवाला मिळालेले स्थान तपासणे.
३) चळवळीच्या ओहोटीची कारणमीमांसा करणे.

उदयाची पार्श्वभूमी :

पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० रोजी काढलेल्या ‘कास्ती कोनूबी’ या परिपत्रकाने विवाहाचे पावित्र्य अधोरेखित केले आणि कृत्रिम संततिनियमनाचा निषेध केला. त्याच दशकात फ्रान्समध्ये आंरी काफारेल या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली विवाहित दांपत्यांचे गट एकत्र येऊ लागले. अमेरिकेत १९४० च्या दशकात विवाहितांसाठी ‘काना परिषदा’ सुरू झाल्या. येशू ख्रिस्त ज्या लग्नास उपस्थित होता, त्या गालीलातील काना गावावरून हे नाव घेतले गेले. मात्र या परिषदांत दांपत्ये मुख्यतः श्रोते असत.

ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंटचे वेगळेपण येथेच दिसून येते. बेल्जियममधील धर्मगुरू जोझेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री रूढ केली होती. शिकागोतील धर्मगुरू रेनॉल्ड हिलेनब्रँड यांच्या प्रभावाखालील मंडळींनी ती कुटुंबजीवनाला लागू केली. वकील पॅट क्राउली व त्यांच्या पत्नी पॅटी यांच्या नेतृत्वाखाली १९४९ मध्ये या गटांना राष्ट्रीय संघटनेचे रूप आले.

मोजकी दांपत्ये आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमत. शुभवर्तमानातील उताऱ्यावर चर्चा होई. नंतर शेजारपाजार, शाळा, घरभाडे, एकाकी वृद्ध अशा विषयांवर प्रत्येकाने केलेली निरीक्षणे मांडली जात आणि शेवटी एखादी छोटी कृती ठरे. धर्मगुरू उपस्थित असले तरी ते बहुतांश ऐकत आणि शेवटी थोडे बोलत. ज्या धर्मग्रामात एरवी केवळ धर्मगुरूंनी बोलायचे व इतरांनी ऐकायचे, तेथे हा क्रम लक्षणीय होता. पतीबरोबर पत्नीचेही निरीक्षण तितक्याच गांभीर्याने ऐकले जाई.

महायुद्धोत्तर काळात स्थलांतरितांच्या जुन्या वस्त्या सोडून अनेक तरुण कॅथलिक कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली. आजी-आजोबा, काका-मावशा दूर राहिल्या. नातलगांचा हा आधार तुटल्यामुळे निर्माण झालेली पोकळी या घरगुती बैठकांनी काही अंशी भरून काढली. १९६० च्या दशकाच्या मध्यास चळवळीत सुमारे ५०,००० दांपत्ये होती.

दांपत्यांची साक्ष आणि रोमचा निर्णय :

पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये संततिनियमनाच्या प्रश्नावर एक छोटा आयोग नेमला. पोप सहावे पॉल यांनी त्याचा विस्तार करून त्यात विवाहित दांपत्यांचाही समावेश केला. क्राउली दांपत्य त्यांपैकी एक होते. आयोगाच्या अंतिम टप्प्यात सदस्य नेमलेल्या धर्माध्यक्षांमध्ये मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचे नाव होते. भारत शासनाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासून सुरू होता, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य जगापुरता नव्हता हे स्पष्ट होते.

चर्चला मान्य असलेल्या ‘सुरक्षित काळ’ पद्धतीचा संसारावर काय परिणाम होतो, हे क्राउली दांपत्याने चळवळीतील दांपत्यांनाच विचारले. विविध देशांतून पत्रे आली. श्रद्धेने नियम पाळणाऱ्या अनेकांनी सततची धास्ती, परस्परांतील ताण आणि दुरावा यांचे वर्णन केले होते. हे उत्तरदाते चळवळीचे सदस्य, म्हणजे बहुधा सुशिक्षित व श्रद्धावान होते. त्यामुळे ही उत्तरे सर्व कॅथलिकांची प्रातिनिधिक मानता येत नाहीत. तथापि त्यांचे महत्त्व याच मर्यादेत आहे, कारण ही तक्रार चर्चच्या विरोधकांची नव्हती, तर आज्ञाधारकांची होती.

१९६६ मध्ये आयोगाच्या बहुमताने शिकवणुकीत बदल करण्याच्या बाजूने कौल दिला. १९६७ मध्ये हा अहवाल वृत्तपत्रांतून फुटला आणि अपेक्षा उंचावल्या. परंतु २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने वीते’ या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी पूर्वीचीच भूमिका कायम ठेवली. ‘पाहा’ ही पायरी दांपत्यांकडे सोपविली गेली होती, ‘पारखा’ ही मात्र अखेर रोमकडेच राहिली.

ओहोटीची कारणे :

यानंतर चळवळीची सदस्यसंख्या झपाट्याने घटली. परंतु या घटीचे सारे श्रेय परिपत्रकाला देणे एकांगी ठरेल. चळवळीच्या वार्षिक अभ्यासक्रमांत वंशभेद, राजकारण, आंतरराष्ट्रीय प्रश्न यांना स्थान मिळू लागल्यावर काही सदस्य अस्वस्थ झाले होते. दुसरीकडे, स्पेनमधील धर्मगुरू गॅब्रिएल काल्व्हो यांचा ‘मॅरेज एन्काउंटर’ हा पती-पत्नींच्या परस्परसंवादावर भर देणारा उपक्रम १९६७ मध्ये अमेरिकेत आला, तोही याच चळवळीच्या अधिवेशनातून. समाजाकडे पाहणारी दृष्टी पुन्हा घराकडे वळली, असे म्हणता येईल. पॅट यांचे १९७४ मध्ये निधन झाले. पॅटी यांनी पुढे शिकागोतील बंदिवान व बेघर स्त्रियांसाठी कार्य केले. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :

१) कुटुंबसेवाकार्याचा विकास केवळ पोपच्या परिपत्रकांतून झाला नाही. घरगुती बैठका हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा स्रोत होय.
२) दांपत्ये सेवेची लाभार्थी न राहता सेवेची कर्ती झाली, हे या चळवळीचे मुख्य योगदान होय.
३) १९६८ च्या निर्णयाने अनुभव आणि अधिकार यांतील अंतर उघड केले. ज्यांना मत विचारले गेले होते, त्यांना ते अधिक तीव्रतेने जाणवले.
४) पोप फ्रान्सिस यांच्या काळात २०१३ मध्ये कुटुंबविषयक प्रश्नावली जगभरातील धर्मप्रांतांकडे पाठविण्यात आली. २०१४ व २०१५ च्या सभांनंतर २०१६ मध्ये ‘आमोरिस लेतीत्सिया’ प्रसिद्ध झाले. संततिनियमनाची शिकवण बदलली नाही. तथापि निर्णयापूर्वी कुटुंबांचे ऐकले पाहिजे, हे तत्त्व पुन्हा मान्य झाले. क्राउली दांपत्याने जमविलेल्या पत्रांचे ऐतिहासिक मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, याच संदर्भात तपासले पाहिजे.