रिकाम्या बसलेल्या मेकॅनिकची गोष्ट

अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन नावाचं छोटं शहर आहे. मेटॅग ही वॉशिंग मशीनची कंपनी तिथली. १९६७ पासून तिच्या जाहिरातीत एक मेकॅनिक यायचा. बिचारा दिवसभर फोनची वाट बघत बसलेला, कारण मेटॅगचं मशीन बिघडतच नाही! तीसेक वर्षं लोकांनी यावर विश्वास ठेवला.

१९९७ मध्ये याच कंपनीने 'नेपच्यून' हे फ्रंट लोडर आणलं. अमेरिकन घरांत तोपर्यंत बहुतेक टॉप लोडरच. त्यात टबभर पाण्यात कपडे घुसळतात. फ्रंट लोडरमध्ये तळाशी थोडंसं पाणी असतं. फिरता ड्रम कपडे वर नेतो आणि खाली आपटतो. धोबीघाटाचंच तत्त्व म्हणा ना!

त्याच वर्षी कॅन्ससमधल्या बर्न या गावात शंभरेक घरांत जुनी मशीन्स काढून नवी बसवली. सरकारचं ऊर्जा खातंही यात होतं. पाच महिन्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष: पाणी सुमारे ३८ टक्के आणि ऊर्जा सुमारे ५८ टक्के कमी. आकडे खरे होते, त्यात लबाडी काहीच नव्हती.

मग घोडं अडलं कुठे? दार पुढे असल्यामुळे पाणी अडवायला रबराची जाड रिंग लागते. तिच्या घडीत पाणी, साबण आणि कपड्यांचे तंतू साचतात. त्यात अमेरिकन माणूस थंड पाण्यात धुणार, वर जुनीच भरपूर फेसाची पावडर वापरणार. झालं! बुरशी आणि कुबट वास. युरोपात फ्रंट लोडर कित्येक दशकं नांदत होते, पण तिथे गरम पाणी आणि कमी फेसाची पावडर ही सवयच होती.

दाराच्या कुलपाची तऱ्हा वेगळीच. आत मेण तापवून फुगवायचं आणि त्याने खीळ ढकलायची. हा एवढासा भाग शॉर्ट झाला की कंट्रोल बोर्डही सोबत जळायचा. म्हणजे स्वस्त भाग गेला आणि महागडा घेऊन गेला. रिकामा मेकॅनिक आता चांगलाच कामाला लागला!

ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली, २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. याला इतरही कारणं होती, सगळं खापर नेपच्यूनवर फोडणं बरोबर नाही. पण तीस वर्षांचा विश्वास उडायला त्याने हातभार लावला हे नक्की.

मला यात आमचाच धंदा दिसतो. लिटर आणि युनिट मोजता येतात, म्हणून चाचणीत तेच मोजलं जातं. बुरशी पाच महिन्यांत दिसेलच असं नाही. आणि ती दिसल्यावर मिळणारा सल्ला काय? 'दार उघडं ठेवा, रबर पुसत चला.' म्हणजे डिझाइनरने टाळलेलं काम वापरणाऱ्याच्या गळ्यात! आपणही चूक दुरुस्त करण्याऐवजी मॅन्युअलमध्ये एक ओळ वाढवतोच की. असो. ती ओळ लिहिण्याआधी रबर रोज कोण पुसणार आहे, एवढं तरी विचारावं.