करमणुकीच्या बागांचे माळी



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर चढल्या असतील. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्यक्रांत्या यायच्या, संतवाङ्मय यायचे. तेथे पाळणे आणि झुकझुकगाड्यांचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. परंतु माणसे कशाने रमतात आणि त्यांना रमविण्याचा धंदा करणारे कोठे चुकतात, हाही इतिहासच आहे. ज्यांना हल्ली ‘थीम पार्क’ म्हणतात त्या उद्यानांच्या चालकांना एक प्रश्न नेहमी छळतो : नवे काही सुचत कसे राहावे, आणि आलेला पाहुणा तृप्त होऊन घरी कसा जावा? सल्लागार मंडळी त्यावर जाडजूड अहवाल लिहितात. मला वाटते, या बागांच्या जुन्या हकिगती चाळल्या तर उत्तर लवकर हाती लागते.

प्रारंभ कोपनहेगनपासून करू. गेओर्ग कार्स्टेन्सेन नावाच्या एका उमद्या गृहस्थाने डेन्मार्कचा राजा आठवा ख्रिश्चन याच्याकडून करमणुकीच्या बागेचा परवाना मिळविला. प्रजा मौजेत दंग असली म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाही, असे त्याने राजाच्या गळी उतरविले, अशी आख्यायिका आहे. जागा मिळाली ती शहराच्या तटाबाहेरची, लष्करी. प्रसंग पडल्यास झटपट पाडता याव्यात म्हणून इमारती लाकडाच्या बांधाव्या लागल्या. १५ ऑगस्ट १८४३ रोजी ही तिवोली बाग उघडली. ती कधीच पुरी होणार नाही, असे कार्स्टेन्सेन म्हणे. हे बोलणे मुदत चुकविणाऱ्या कंत्राटदाराचे नव्हते. बाग रोज थोडी बदलली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे कारभारी मंडळाचे आणि त्याचे बिनसले, १८४८ साली तो तेथून बाहेर पडला आणि १८५७ साली वारलाही. बाग मात्र राहिली. सुमारे शंभर वर्षांनी, १९५१ साली, ती पाहायला एक अमेरिकन पाहुणा आला. त्याचे नाव वॉल्ट डिस्ने.

डिस्नेला ही कल्पना सुचली ती बाप म्हणून. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली लाकडी घोड्यांवर फिरत आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसे. वडील माणसांना येथे करण्यासारखे काहीच नाही, हे त्याला तेव्हा जाणवले. आपल्या जत्रांतून पोरांच्या चपला सांभाळीत उभे राहिलेल्या प्रत्येक गृहस्थाला हे दुःख ठाऊक आहे. त्याने आराखडा केला, आणि तो धंद्यातल्या मुरब्बी मंडळींना दाखविला तेव्हा त्यांनी माना हलविल्या. एकच प्रवेशद्वार ठेवता? दारू विकणार नाही? आणि हा किल्ला, ज्यावर एक डॉलरही मिळायचा नाही, तो बांधायचा कशाला?

किल्ला बांधला गेला. १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे, जिथे वर्षभरापूर्वी संत्र्यांचे मळे होते तिथे, डिस्नेलँड उघडले. खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. पहिल्या दिवशी मात्र पुरी त्रेधा उडाली. खोटी तिकिटे घेऊन माणसे घुसली. उन्हाने ताजे डांबर मऊ पडले आणि बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पाण्याचे नळ पुरे करावेत की शौचकूप, यांतून एकच निवडणे भाग पडले होते. शौचकूप निवडले गेले, आणि ते शहाणपणाचेच झाले. दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसे येऊन गेली.

पण खरी गोष्ट यानंतरची आहे. डिस्नेने अग्निशामक दलाच्या ठाण्यावर स्वतःसाठी एक छोटी खोली सजविली होती, आणि तो उद्यानात हिंडत असे. तेथे कचेरीची स्वतंत्र इमारत उठविण्यास त्याचा विरोध होता. अधिकाऱ्यांनी टेबलामागे न बसता पाहुण्यांबरोबर रांगेत उभे राहावे, जेवायला बाहेर न जाता तेथेच जेवावे आणि माणसे काय बोलतात ते ऐकावे, असा त्याचा हुकूम होता. एकदा तो ‘जंगल क्रूझ’च्या नावेत बसला. ही फेरी सात मिनिटांची. त्याची साडेचार मिनिटांत आटोपली. उतरताच त्याने व्यवस्थापकाला धरले : चित्रपटाचा मधला भाग कापून दाखविला तर पैसे देणाऱ्याला काय वाटेल? पुढे नावाड्यांच्या फेऱ्या घड्याळ लावून बसविण्यात आल्या. काही दिवसांनी डिस्ने परत आला आणि एकीमागून एक अशा अनेक नावांत बसून त्याने खात्री करून घेतली. गर्दी वाढली की पाळण्याचे दोन फेरे चोरणारा पाळणेवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. चोरी लहान असते, पण पोर ती विसरत नाही.

याच नावेजवळ एक आई मुलाला म्हणाली, “यात आपण मागे बसलो होतो, आता पुन्हा नको.” ते डिस्नेच्या कानी पडले, असे सांगतात. १९६२ साली तेथे डुंबणाऱ्या हत्तींचा नवा देखावा आला. तो मार्क डेव्हिस या व्यंगचित्रपटांतल्या कलावंताचा. त्याच डेव्हिसला डिस्नेने खाणीतल्या आगगाडीच्या सफरीत काय उणे आहे ते पाहायला धाडले होते. तेथे दोन यांत्रिक कोल्हे होते. एक मान वरखाली हलवी, दुसरा डावीउजवीकडे, पण दोघे एकमेकांपासून दूर. डेव्हिसने सुचविले, त्यांना समोरासमोर उभे करा. म्हणजे एक ‘हो’ म्हणतो आहे आणि दुसरा ‘नाही’. नवे यंत्र नको, फार खर्च नको. मला तर सर्जनशीलतेवरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा, त्यांत आजचेही आले, हे दोन कोल्हे अधिक बोलके वाटतात.

१५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने वारला. हिंडणारा मालक गेला म्हणजे हिंडायचे कोणी, हा पेच तेव्हापासूनचा. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ उद्यान उघडले तेव्हा पैशांची कसूर नव्हती. पण फ्रेंच माणसाला जेवणाबरोबर वाइन लागते, हे ध्यानात घेतले गेले नाही. युरोपीय लोक सकाळी फारसे खात नाहीत अशी समजूत करून घेऊन उपाहारगृहे लहान ठेवली, आणि पाहुणे न्याहारीसाठी ताटकळत राहिले. वाइनवरची बंदी १९९३ साली उठली. तोपर्यंत तोटा डोईजड झाला होता.

त्या तोट्याने कारभाऱ्यांनी जो धडा घेतला तो उलटाच होता : खर्च कापा. ८ फेब्रुवारी २००१ रोजी डिस्नेलँडच्याच जुन्या वाहनतळावर ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ उघडले. दुकाने नि खाद्यगृहे भरपूर; लहान मुलांसाठी फार थोडे. शिवाय कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी पैसे देऊन कॅलिफोर्निया पाहायचा! लोकांनी पाठ फिरविली. मूळ उद्यानाला सुमारे ६० कोटी डॉलर लागले होते; २००७ साली त्याच्या पुनर्रचनेसाठी जाहीर झालेला आकडा होता सुमारे ११० कोटी. ते काम २०१२ साली पुरे झाले. काटकसर एवढ्याला पडली.

आता मौज पाहा. त्याच २००१ साली, ४ सप्टेंबरला, जपानात तोक्योजवळ उरायासू येथे ‘तोक्यो डिस्नेसी’ उघडले. आराखडे डिस्नेच्याच कल्पककारांचे. पैसा आणि मालकी ‘ओरिएंटल लँड’ या जपानी कंपनीची. मधोमध ज्वालामुखी, बंदरे, नौका. कोपरान् कोपरा कोरल्यासारखा. जगातल्या अत्यंत सुंदर उद्यानांत त्याची गणना होते. एकाच कंपनीचे कलावंत, एकच वर्ष, आणि फळे इतकी भिन्न! तेव्हा कल्पनेचा दुष्काळ कलावंतांच्या डोक्यात नव्हता. तो मंजुरी देणाऱ्यांच्या टेबलावर होता. तोक्योच्या त्या उद्यानांत झाडूवाले ओल्या झाडूने फरशीवर मिकी माउसचे चित्र काढतात. ऊन लागले की ते पुसून जाते. तोवर भोवती पोरे जमलेली असतात.

आणि तिवोली? ती अजून आहे, आता भर शहरात. तिथे १९१४ सालची लाकडी घसरगाडी आजही चालते. तिचा वेग आवरायला आजही एक माणूस लागतो; तो प्रत्येक फेरीत पाहुण्यांबरोबर गाडीतच बसतो आणि वळण आले, उतार आला, की स्वतःच्या हाताने ब्रेक ओढतो.