वासाच्या चार मोजपट्ट्या

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीस निघालेले स्वीडनचे ‘वासा’ हे जंगी जहाज सुमारे १,३०० मीटर जाते न जाते तोच वाऱ्याने कलंडले, आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरून तळाशी गेले. सफरीपूर्वी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावावयास लावून त्याचा तोल पाहिला होता, तेव्हा तीन धावांतच ते इतके डोलू लागले की चाचणी आवरती घ्यावी लागली. पुढे चौकशी बसली, जाबजबाब झाले, परंतु शिक्षा कोणालाच झाली नाही. १९६१ साली सांगाडा वर काढल्यानंतर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या: दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या, दोन अकरा इंची ॲमस्टरडॅमी फुटाच्या. जहाज बुडाले ते मुख्यतः वरच्या भारामुळे. तथापि त्याच्या दोन बाजू समभार का उतरल्या नाहीत, याचा एक खुलासा या पट्ट्यांत आहे.

तोलाच्या गणिताचा पाया मात्र जुना आहे: त्रिकोणाचा गुरुत्वमध्य आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केला होता. पण जहाजाच्या स्थैर्याचे गणित फ्रेंच पंडित बुगेर याने ग्रंथरूपाने मांडावयास १७४६ उजाडले, आणि वस्तू फिरवू जाता ती किती अडून बसते हे सांगणारे जडत्व-आघूर्ण ऑयलरने १७६५ मध्ये सविस्तर विवरिले.

आज हेच गणित संगणक क्षणात करतो, आणि म्हणूनच त्याची चूक क्षणात पुढे जाते. एका आज्ञावलीत काढलेला आराखडा दुसरीत नेण्यासाठी १९८० साली आयजीईएस ही पद्धत आली, तिचा भर रेषा व पृष्ठे यांवर होता. १९८७ च्या एसटीएल फाइलीत तर वस्तूचे पृष्ठ दाखवणारे केवळ त्रिकोण असतात, एककाची नोंदच नसते. दहा सेंटिमीटर बाजूचा पोलादी ठोकळा घ्या. त्याचे वजन सुमारे ७.८५ किलो; परंतु त्याचे १०० मिलिमीटर जर १०० मीटर म्हणून वाचले गेले, तर तोच ठोकळा साडेअठ्ठ्याहत्तर लाख टनांचा होतो, आणि त्याचे जडत्व-आघूर्ण एकावर पंधरा शून्ये इतक्या पटीने फुगते. प्रत्येक त्रिकोणाची टोके आरंभबिंदूशी जोडून होणाऱ्या चतुष्फलकांची चिन्हांसह बेरीज करून घनफळ काढतात. सर्वच त्रिकोणांची तोंडे उलटी असली तर वस्तुमान ऋण येते, आणि काहींचीच उलटी असली तर चुकीचा पण विश्वासार्ह भासणारा आकडा हाती पडतो. हा दुसरा प्रकारच मला अधिक घातक वाटतो. शिवाय धातूचे नाव वाटेत गळाले तर काही आज्ञावल्या पाण्याचीच घनता धरून चालतात, आणि पोलादाचा भाग खऱ्या वजनाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतकाच भरतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम एकक, त्रिकोणांची दिशा, पृष्ठाची भोके आणि घनता असा धरावा. नंतर तीन मुख्य जडत्व-आघूर्णे पाहावीत: कोणत्याही दोहोंची बेरीज तिसऱ्याहून कमी भरली तर तसा पदार्थ सृष्टीत संभवतच नाही, हिशेबच पुन्हा मांडावा लागतो. आणि भाग हाताशी असेल तर त्याला आधी तराजूत घालावे, मग एका भोकातून व पुढे दुसऱ्या भोकातून टांगून ओळंबा सोडावा व दोन रेषा जेथे छेदतील तेथे गुरुत्वमध्याची खडूने खूण करावी. शेवटी दोन समांतर दोऱ्यांवर त्याला आडवा टांगून, किंचित पीळ देऊन सोडावे आणि घड्याळ हाती घेऊन वीस झोके मोजावेत. त्या कालावधीतून निघणारे जडत्व-आघूर्ण पडद्यावरच्या आकड्याशी जुळले, तरच तो आराखडा पुढच्या गणितास द्यावा.