रूपकुंडचे सांगाडे आणि 'कोकणस्थ' निष्कर्ष

उत्तराखंडात त्रिशूळ शिखराच्या कुशीत, ५०२९ मीटर उंचीवर, रूपकुंड नावाचं एक हिमनदीनं घडवलेलं तळं आहे. रुंदी जेमतेम ४० मीटर, आणि वर्षातला बराच काळ ते गोठलेलंच असतं. १९४२ साली एच. के. मधवाल या वनाधिकाऱ्याला इथे माणसांच्या हाडांचा खच दिसला. महायुद्धाचे दिवस, त्यामुळे आधी शंका आली ती जपानी सैनिकांची. पण हाडं बरीच जुनी निघाली.

यात पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या जवळची. २००४ च्या सुमारास सुभाष वाळिंबे आणि वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांनी हाडांचा अभ्यास केला. काही कवट्यांवर वरून मार बसल्याच्या खुणा होत्या, त्यावरून मोठ्या गारांच्या वादळाची कल्पना पुढे आली. रेडिओकार्बननं काळ आला साधारण इ.स. ८५०. नंदादेवीच्या यात्रेला निघालेल्या राजाची लोककथा तिथे होतीच, ती या तारखेला छान जुळली. (फार छान जुळणाऱ्या गोष्टींकडे मी जरा संशयानंच बघते.)

त्याच सुमारास हैदराबादच्या सीसीएमबीत मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला गेला, आणि काही नमुने कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात अशा बातम्या आल्या. आता इथे थांबून विचार करा. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे दहा पिढ्या मागे गेलात तर हजारभर पूर्वजांपैकी एकाच बाईची वाट तो दाखवतो. त्यातला एखादा बदल आज एका जातीत सापडतो, एवढ्यावरून हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची जात कशी ठरणार? तरीही 'रूपकुंडचे चित्पावन' हे अजून लोक सांगतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये पेपर आला, मुश्रीफ-त्रिपाठी त्याच्याही सहलेखिका. या वेळी ३८ जणांचा डीएनए पूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर तपासला होता. २३ जण दक्षिण आशियाई, पण कुठल्याही एका गटाचे नाहीत. एकमेकांचे जवळचे नातेवाईकही सापडले नाहीत. त्यांच्या तारखा इ.स. ८०० च्या आसपास, आणि त्यांतही फरक, म्हणजे हे सगळे एकाच दिवशी मेले असंही म्हणता येत नाही. खरा धक्का पुढे आहे. १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य सागराकडचा, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळचा, आणि एक आग्नेय आशियाई. हे पंधरा जण साधारण १८०० च्या सुमारास मेलेले!

मग आधी हे का दिसलं नाही? थोडेच नमुने, आणि ते पहिल्या गटातले निघाले. शिवाय तिथे थर शिल्लक नाहीत. दरडी कोसळतात, ट्रेकर हाडं हलवतात, उचलूनही नेतात. एका जागी सापडलं म्हणजे एका वेळचं, हे गृहीत कोणी वेगळं तपासलंच नव्हतं. मी राहते तो उल्हासनगरचा कॅम्प २ घ्या: आधी महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, आणि पुढे आमच्यासारखे मराठी. चार नमुने उचलून या जागेचा इतिहास सांगा बघू!

गारांचं काय? काही कवट्यांपुरतं ते अजून शक्य आहे, सगळ्यांसाठी नाही. आणि १८०० च्या सुमारास भूमध्य सागराकडची चौदा माणसं त्या तळ्यापाशी कशाला गेली होती, याचा लेखी पुरावा अजून कोणाला मिळालेला नाही.