‘वल्द’ आणि ‘औलाद’ : दप्तरातले मूल

मराठीतील अरबी-फारसी शब्दांची चर्चा बहुधा संख्येच्या अंगाने होते. रघुनाथ पंडितांच्या राजव्यवहारकोशापासून माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशापर्यंत शब्द वेचले गेले, पर्याय सुचवले गेले. परंतु उसना शब्द भाषेच्या कोणत्या दालनात मुक्कामाला येतो आणि तिथे त्याचे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला. ‘मूल’ या अर्थाच्या अरबी ‘वलद’ शब्दाबाबत तो अगत्याने विचारण्याजोगा आहे.

‘व-ल-द’ हा जन्म देणे या अर्थाचा धातू सेमिटिक कुलात फार जुना. अक्कादीत ‘वलादु’, इथिओपियाच्या गीझ भाषेत ‘वल्द’, हिब्रूत आरंभीच्या ‘व’चा ‘य’ होऊन ‘येलेद’. ही रक्ताची नाती होत. फारसी, तुर्की, उर्दू, मराठी यांचे नाते उसनवारीचे. अरबीत ‘औलाद’ हे ‘वलद’चे अनेकवचन, उर्दू-मराठीत ते स्त्रीलिंगी एकवचन झाले, तर तुर्कीत ‘एव्लात’ हा शब्द एकट्या अपत्यालाही चालतो.

मराठी घरात मात्र या शब्दाला प्रवेश मिळाला नाही. पाळण्याभोवतीची जागा पोर, लेकरू, मूल, बाळ यांनी आधीच व्यापलेली होती. तो आला कचेरीच्या दाराने. वऱ्हाड, नागपूर, खानदेश इकडील जुन्या महसुली कागदांत ‘गणू वल्द महादू’ अशा धर्तीच्या नोंदी आढळतात. देशावर त्या जागी बहुधा ‘बिन’, म्हणजे अरबी ‘इब्न’, असतो. (बापाचे नाव सांगणारा हा ‘बिन’ आणि अभाव सांगणारा ‘बिन’ उच्चाराने एकच व्हावेत, हा भाषेचा विनोदच.) फारसीत येथे इजाफत असे, मराठीने ती टाकली आणि ‘चा’ प्रत्ययही लावला नाही. विभक्ती, लिंग, वचन सारेच गळाल्यावर ‘वल्द’ हे नाम न उरता दोन नावांमधला केवळ सांधा झाला. आज तो वाचणाऱ्याला ‘वल्द’ म्हणजे ‘बाप’ असेच सहज वाटून जाते.

‘महादूचा गणू’ ही मराठीची स्वाभाविक रचना. तीत बाप आधी येतो. दप्तराने हा क्रम फिरवला. आपल्या त्रिपदी नावाच्या मधोमध बापाचे नाव बसते ते ‘वल्द’ गळून पडल्यावर उरलेल्या जागी, असे मला वाटते. तेवढे एकच कारण असेल असे मात्र नाही. स्त्री या सांध्यात बसत नव्हती. ती ‘जौजे’ किंवा ‘कोम’ या शब्दांनी नवऱ्याला जोडली जाई. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले, तेव्हा कुठे या जागेत दुसरे माणूस शिरले.

‘औलाद’ची गत निराळी. इनामपत्रांत ‘अवलाद अफलाद’ म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. पुढे ‘पुत्रपौत्रादि’ने ती जागा घेतली आणि ‘औलाद’ भांडणात उरली : ‘कुणाची औलाद!’ कोशकारांनी याची नोंद ‘अर्थापकर्ष’ म्हणून करावी हे ठीक. पण अपकर्ष शब्दाचा झाला की त्याला दरबारातून उठवणाऱ्या व्यवहाराचा, हेही पाहिले पाहिजे.

हा सारा इतिहास कागदापुरता नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीत विशेष जाणवते. गोंडीत मुलाला ‘मर्री’ म्हणतात. परंतु गोंड घराची पिढी सरकारी कागदावर उतरते ती ‘वल्द’च्या सांध्याने. अनुसूचित जमातीचा दावा पडताळताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना वजन असते. २००६ चा वनहक्क कायदा इतर पारंपरिक वननिवासींकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास मागतो. भद्रावती तालुक्यातील माजरीसारख्या कोळसाखाणींच्या गावी शेत खाणीत जाते तेव्हा मोबदल्याआधी वारस कोण, हे ठरावे लागते. अशा वेळी जुन्या मोडी कागदातला ‘वल्द’ उलटा वाचला तर बापाचा मुलगा होतो, आणि नावाचाच भाग समजून वाचला तर एक अख्खी पिढी वंशावळीतून गळते. ‘मर्री’ हा शब्द त्या कागदावर कुठेच नसतो.