वासरू, कालवड की गोऱ्हा? नोंदीत शब्द नेमका हवा

‘वासराला लस द्यायची आहे’ एवढेच आपण दवाखान्यात फोनवर सांगितले, तर ते नर आहे की मादी हे समोरच्याला कळत नाही. वासरू हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. पारडू, करडू, कोकरू, शिंगरू हेही तसेच.

शब्द मात्र जुना. तो संस्कृत ‘वत्स’पासून आला, वत्सल, वात्सल्य ही त्याचीच भावंडे. ‘वत्सर’ म्हणजे वर्ष, त्याच्याशीही वत्साचे नाते जोडतात, म्हणजे मुळात वर्षभराचे जनावर. वसुबारसेला आपण सवत्स धेनू पुजतो ती हीच.

गोठ्यात याहून नेमके शब्द आहेत. गाईची मादी पहिले वेत होईपर्यंत कालवड. नर तो गोऱ्हा, आणि न ठेचलेला वाढता नर म्हणजे खोंड. कोकणात पाडा-पाडी म्हणतात. म्हशीचे पारडू किंवा रेडकू, त्यातली मादी वगार. शेळीचे करडू, त्यातली मादी पाट. कोंबडीतसुद्धा अंड्यावर येऊ घातलेल्या मादीला तलंग हा स्वतंत्र शब्द आहे! बाजारात वय दातांवर सांगतात: आदत म्हणजे फक्त दुधाचे दात, मग दुसा, चौसा.

हा फरक सांसर्गिक गर्भपाताच्या (ब्रुसेल्लोसिस) लसीत महत्त्वाचा ठरतो. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व वगारींना, आयुष्यात एकदाच देतात. लस जिवंत जंतूंची असल्याने नरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत. पण पाच महिन्यांचीही कालवड आणि दोन वर्षांची गाभणही कालवडच! म्हणून नुसता शब्द पुरत नाही, जन्मतारीखही लागते. जांबे, मारुंजी, नेरे अशा हिंजवडीलगतच्या गावांत, किंवा कुठेही, विकत आणलेल्या जनावराची तारीख सहसा माहीत नसते. तेव्हा विकणाऱ्याकडून ती विचारून घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक व्यवहाराच्या कागदावर उतरवा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात विचारताना ‘वासरे किती?’ असे न विचारता ‘चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारी किती?’ असे विचारावे. मात्रा कमी पडत नाहीत.

हा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हाताने उचलू नका, दूध उकळूनच प्या, आणि लस टोचताना कालवड घट्ट धरा. तीच सुई आपल्याला लागली तर लगेच डॉक्टरकडे जा.