रामशास्त्री आणि आमची साष्टी

विद्वानांनी राज्य करावे काय, हा प्रश्न प्लेटोपासून चालत आला आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर दिले एका शास्त्र्यानेच! थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात गढलेले पाहून रामशास्त्री प्रभुणे म्हणाले, असे सांगतात, की हेच करावयाचे असेल तर गादी सोडावी नि काशीची वाट धरावी. मीही बरोबर येतो. पेशव्यांनी जप आवरता घेतला.

पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांना सातारकर छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. रीतीप्रमाणे सारे यथासांग! पण शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्याजवळ फौज नव्हती, स्वतः राज्य करण्याची हौस तर मुळीच नव्हती. फौज उभी केली ती बारभाईंनी.

पुणे हातचे गेले, तेव्हा दादा इंग्रजांच्या दारी गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी वसई आणि साष्टी देऊन टाकली. साष्टी म्हणजे आपली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला मुलूख! ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. दादांनी वर शिक्का मारला एवढेच. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली. साष्टी नाही मिळाली.

रामशास्त्री तोवर पुण्यास परतून पुन्हा न्यायासनावर बसले होते. १७८९ साली ते वारले.